बोललो, पण पोचलं का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. ३८ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला वेळेचं बंधन कळतं. आमच्या वेळी दोन वाजले की कॅशची खिडकी बंद. तेव्हा काळजी करू नका. मागे जेवणाची तयारी चालू आहे, त्याचा वास मलाही येतोय.

विषय दिलाय 'माणसामाणसांतला संवाद आणि आपली संस्कृती'. विषय मोठा आणि मी काही प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालो, १९७४ साली बँकेत कारकून म्हणून चिकटलो, अधिकारी म्हणून २०१२ ला निवृत्त झालो. पण काउंटरच्या एका बाजूला बसून दुसऱ्या बाजूची माणसं इतकी वर्षं ऐकली, त्यातून जे दोन-चार दाणे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो. आणि एक माझी चूक सांगणार आहे. ती ज्यांच्या बाबतीत झाली ते गृहस्थ आज इथे बसले आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांचं नाव सांगत नाही, मी त्यांना नाना म्हणतो, एवढं पुरे.

सुरुवात एका गमतीनं करतो. मी मूळचा संगमनेरकडचा. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच माझी बदली बागलाणातल्या एका शाखेत झाली. पहिल्याच आठवड्यात एक वयस्कर शेतकरी खिडकीवर आले आणि म्हणाले, "साहेब, मनी पावती द्या." मी मनात म्हटलं, वा! धोतर-टोपीतला माणूस, आणि 'मनी रिसीट' मागतोय. मी मोठ्या आदरानं विचारलं, "किती मनी भरले?" ते गोंधळले. पुन्हा म्हणाले, "मनी! मनी पावती!" शेवटी आमचा शिपाई हसत हसत म्हणाला, "साहेब, ते 'माझी पावती' म्हणताहेत. अहिराणीत मनी म्हणजे माझी."

आता बघा, शब्द त्यांनी स्पष्ट उच्चारला. मी स्पष्ट ऐकला. तरी पोचला भलताच अर्थ. संवादाचा पहिला नियम मी तिथे शिकलो. अर्थ हा बोलणाऱ्याच्या तोंडात नसतो, तो ऐकणारा लावतो, आणि आपल्या घरच्या मापानं लावतो. बोलणारा म्हणतो "मी सांगितलं होतं." प्रश्न तो नसतोच. पोचलं काय, हा प्रश्न असतो.

क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली टेलिफोनच्या संदर्भात याची आकृती मांडली. संदेश पाठवणारा, मधली वाट, त्या वाटेवरचा गोंगाट आणि घेणारा. पुढच्या अभ्यासकांनी त्यात एक उलटा बाण जोडला, घेणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे. आपल्या भाषेत त्याला सुंदर शब्द आहे, पोच. रजिस्टर पत्राची पोच येते तशी. पोच आली नाही तर पत्र टाकलं एवढंच खरं.

आता नानांची गोष्ट. २०१४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी सोसायटीचा सचिव होतो. सात-आठ जणांचा मेंटेनन्स थकला होता आणि टँकरवाला पैशासाठी दारात उभा. नांदगावकराला टँकरचं महत्त्व सांगायला नको. गिरणा धरण आपल्याच तालुक्यात, आणि नळाला पाणी कधी येणार ते देवाला ठाऊक! असो. नाना मला जिन्यात भेटले. वहिनींच्या आजारपणामुळे त्यांच्या नाशिकच्या फेऱ्या चालू होत्या. म्हणाले, "साहेब, तीन महिने राहिलेत. जरा बघा." मी म्हटलं, "बघू, नाना."

झालं. दोघं आपापल्या घरी गेलो.

माझ्या 'बघू'चा अर्थ असा होता की कमिटीपुढे ठेवतो, पण नियम सगळ्यांना सारखा, फार आशा धरू नका. नानांनी घेतलेला अर्थ असा की साहेबांनी मनावर घेतलं, आता काळजी नाही. एकच शब्द, दोन अक्षरं. दोघांनाही वाटलं की बोलणं झालं.

आठ दिवसांनी मी थकबाकीदारांची यादी टाईप करून जिन्याजवळच्या बोर्डावर लावली. नाव, ब्लॉक नंबर, रक्कम. बँकेची सवय, दुसरं काय. नानांचं नाव तिसरं होतं. त्याच रविवारी नानांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, बोर्ड चुकवून वर जाता येत नाही. पाहुण्यांपैकी दोघं बोर्डापाशी थांबून वाचत होते, हे माझ्या पत्नीने खिडकीतून पाहिलं. ती मला एवढंच म्हणाली, "अहो, आजच्या दिवस तरी ती यादी काढायची होती."

ते स्थळ जमलं नाही. यादीमुळे, पत्रिकेमुळे की आणखी कशामुळे, ते नानांना माहीत नाही आणि मलाही नाही. पण नानांच्या घरी ते यादीमुळेच मोडलं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही घरी.

आता मी 'बघू' का म्हणालो? मी खोटारडा नव्हतो. समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणं आपल्याकडे असभ्य समजतात, म्हणून म्हणालो. आपली सगळी बोली अशीच आहे. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, दुकान बंद केलं तर तेही 'वाढवलं'. निघालेल्या माणसाला 'कुठे चाललात' विचारत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर बायकांना उखाण्याचं आडवळण लागायचं. पाहुण्याला 'जेवणार का' विचारलं तर तो पहिल्यांदा 'नको' म्हणणार, आणि ते 'नको' खरं नाही हे यजमानाला माहीत असतं.

यात वाईट काही नाही. यात माया आहे, समोरच्याचं मन जपणं आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ च्या आपल्या पुस्तकात जगातल्या संस्कृतींचा असा भेद दाखवला आहे. काही ठिकाणी, उदाहरणार्थ जर्मन किंवा स्विस लोकांत, जे सांगायचं ते शब्दांत सांगून टाकतात. काही ठिकाणी, जसं जपानात, अर्धं शब्दांत आणि अर्धं प्रसंगावरून ओळखायचं. आपण मराठी माणसं या दुसऱ्या बाजूला झुकणारी.

पण मंडळी, आडवळणाचं बोलणं चालतं कुठे? जिथे सगळ्यांना आडवळण पाठ असतं तिथे. माझ्या आजोबांच्या गावात कुणाचं 'बघू' म्हणजे 'हो' आणि कुणाचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे पोरासोरांनाही माहीत होतं, कारण तीन पिढ्या शेजार होता. आपली सोसायटी तशी नाही. नांदगावचंच बघा ना. तालुका नाशिक जिल्ह्यातला, पण एका अंगाला चाळीसगाव म्हणजे खानदेश, दुसऱ्या अंगाला संभाजीनगर जिल्हा म्हणजे मराठवाडा, वर मालेगाव. आपल्याकडे अहिराणी बोलणारी घरं आहेत, मारवाडी-गुजराती आहेत, उर्दू बोलणारी आहेत, रेल्वेच्या नोकरीनं आलेली परप्रांतातली आहेत. जिना एक, पाण्याची टाकी एक, पण आडवळणं प्रत्येकाची वेगळी. इथे 'त्यांना समजलं असेल' हे म्हणणं धोक्याचं.

मानाचंच घ्या. त्याच बागलाणातले एक म्हातारेबुवा मला, म्हणजे बँकेच्या माणसाला, सरळ 'तू' म्हणायचे. मला ते लागायचं. एकदा त्यांच्या घरी गेलो तर ते आपल्या थोरल्या भावालाही 'तू'च म्हणत होते, आणि उठून त्याला पाटही देत होते. मग उमगलं. आपण तरी आईला 'अहो' कुठे म्हणतो? विठोबाला सुद्धा 'तू'च म्हणतो. मान त्या एका शब्दात नसतो, सगळ्या वागण्यात असतो. मी मात्र माझी फूटपट्टी लावून त्यांना उद्धट ठरवून बसलो होतो.

पुन्हा नानांकडे येतो. यादी लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी नानांनी सगळी थकबाकी मुलाच्या हाती पाठवली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, एक पाकीट यायचं. वर ब्लॉक नंबर, रक्कम, तारीख. सुटे पैसे मोजून. 'साहेब' नाही, 'नमस्कार' नाही. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघून जायचे.

पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दोन गोष्टी सांगून ठेवल्यात. एक म्हणजे, माणूस गप्प बसला तरी काहीतरी सांगतच असतो, संदेश न देणं कुणाला शक्यच नाही. दुसरी म्हणजे, प्रत्येक बोलण्यात दोन भाग असतात, एक मजकूर आणि एक नातं. नानांच्या पाकिटात मजकूर पूर्ण होता, नातं तेवढं काढून घेतलं होतं. माझ्या यादीतही मजकूर बरोबरच होता की! एका पैशाची चूक नव्हती. पण त्या यादीनं नानांना सांगितलं की माझ्या लेखी तुम्ही शेजारी नाही, एक आकडा आहात.

आम्हाला बँकेच्या प्रशिक्षणात एक आकडेवारी घोकवली होती. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. अजूनही अनेक वक्ते ती ऐकवतात. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून ती आली, पण ते प्रयोग भावनांपुरते होते. शब्द एक सांगताहेत आणि चेहरा दुसरं, तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच प्रश्न होता. शब्द फक्त ७ टक्के महत्त्वाचे असा अर्थ काढणं चूक, हे खुद्द मेहराबियन सांगत आले. मला तर अनुभवानं वाटतं, ऐन वेळी योग्य शब्द उच्चारला नाही तर बाकी सगळं वाया जातं.

कसं ते सांगतो. मी दर संक्रांतीला नानांच्या दारी तिळगूळ घेऊन जायचो. 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' नाना तिळगूळ घ्यायचे, कपाळाला लावायचे, तोंडात टाकायचे. दार लावून घ्यायचे. चार संक्रांती अशा गेल्या. मी घरी येऊन म्हणायचो, "बघ, माझ्याकडून मी करतोय, त्यांनाच बोलायचं नाही." एका वर्षी पत्नी म्हणाली, "तुम्ही त्यांना गोड बोला म्हणता. तुम्ही काय बोललात ते?"

मंडळी, मला उत्तर सुचलं नाही. आपल्या संस्कृतीनं रुसवा काढायला किती सुंदर सोयी दिल्यात. संक्रांतीचा तिळगूळ, दसऱ्याचं सोनं, दिवाळीचा फराळ. पण त्या दार उघडण्यासाठी आहेत. दार उघडल्यावर आत जाऊन बोलायचं आपल्यालाच असतं. मी चार वर्षं 'माझं चुकलं' हे दोन शब्द तिळगुळाच्या वाटीखाली लपवत होतो.

बँकेत चुकीची नोंद झाली तर ती खोडत नाहीत. खोडली तर गुन्हा. त्याच वहीत उलटी नोंद करायची, कारण लिहायचं आणि खाली सही करायची. मूळ चूक तशीच दिसत राहते, पण हिशोब जुळतो. बोललेल्या शब्दाचंही तसंच आहे. तो परत येत नाही, पुसता येत नाही. उलटी नोंद मात्र करता येते, आणि ती त्याच वहीत करावी लागते. मी चूक बोर्डावर केली होती, चारचौघांत. माफी मात्र जिन्यात, एकट्यात मागून चालणार नव्हती.

२०१८ च्या सप्टेंबरमधली वार्षिक सर्वसाधारण सभा. नेहमीप्रमाणे कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग सुरू. ऐनवेळच्या विषयांत मी उभा राहिलो आणि सांगितलं की चार वर्षांपूर्वी मी बोर्डावर सभासदांची नावं लावली, ती माझी चूक होती, आणि ती चूक एका घराला फार जड गेली, मी त्यांची माफी मागतो. आणि सचिवांना म्हटलं, हे इतिवृत्तात घ्या. ते आहे. कुणालाही वही काढून बघता येईल.

नाना सभेत काही बोलले नाहीत. संध्याकाळी घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही 'बघू' म्हणालात ना, तेव्हाच 'नाही' म्हणायचं होतं. मी कुणाकडून तरी उसने आणून भरले असते."

मग त्यांनी मला त्यांच्या नोकरीची गोष्ट सांगितली. नानांची हयात रेल्वेच्या फाटकावर गेली. पूर्वीच्या फाटकांवर अशी पद्धत असायची की गाडी येणार असली की स्टेशनमास्तर फोन करून गेटमनला फाटक बंद करायला सांगणार. गेटमन फाटक लावून कुलूप घालणार आणि फोनवर एक आकडा देणार. त्याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. हा आकडा त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला, एकदाच वापरायचा, मग त्यावर काट मारायची. मास्तर तो आकडा आपल्या वहीत लिहिणार, तेव्हाच फाटक बंद झालं असं मानायचं. नाना म्हणाले, "साहेब, तिथं 'लावतो', 'बघतो', 'झालंच समजा' चालत नाही. नंबर दिला म्हणजे फाटक बंद. कारण पलीकडून गाडी येत असते आणि मधे माणसं असतात."

मी आजवर प्रशिक्षणाचे किती वर्ग केले असतील, पण संवादावरचं याच्याइतकं थेट व्याख्यान ऐकलं नाही.

तेव्हापासून आपल्या सोसायटीत काही गोष्टी बदलल्या. नव्या सभासदांना माहीत नसतील म्हणून सांगतो. थकबाकीचं पत्र आता बंद पाकिटात घरी जातं, आणि पाकीट देणारा दोन मिनिटं बसून विचारतो की अडचण काय आहे. कमिटीच्या माणसाला 'बघू' म्हणायची बंदी आहे. उत्तरं तीनच. हो, नाही, किंवा अमुक तारखेला सांगतो.

नोटिशीतला 'आम्ही' काढून 'आपण' घातला. मराठीत ही केवढी सोय आहे! 'आम्ही टँकर मागवला' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण टँकर मागवला' म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. गुजरातीत, तमिळमध्ये, तेलुगूत आपल्यासारखाच भेद आहे. हाताशी असलेला शब्द वापरायला काय हरकत आहे?

तरुण मंडळींना एक विनंती. आता बोर्ड भिंतीवर राहिला नाही, मोबाईलमध्ये आला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कुणाला टोचून लिहिणं म्हणजे माझ्या यादीपेक्षा मोठी यादी लावणं. त्या दोन निळ्या खुणा म्हणजे मेसेज पाहिला, समजला असं नव्हे. ते जोडलेले हात तर काय, नमस्कार, धन्यवाद, माफ करा आणि आता पुरे, सगळ्यालाच चालतात. महत्त्वाचं काही असेल तर दोन जिने चढून जा. गुडघे माझे दुखतात, तुमचे नाही.

आणि घरातही हेच. मुलगा पुण्याहून फोनवर विचारतो, "बाबा, बरंय ना?" आपण म्हणतो, "बरंय." तो तिथे निश्चिंत, आपण इथे गोळ्या मोजत. मग आपणच म्हणतो, पोराला काळजी नाही. अहो, त्याला कळणार कसं? आईला न सांगता कळायचं, कारण आपण तिच्या समोर असायचो. फोनवरून आडवळण दिसत नाही.

नानांच्या वहिनी बऱ्या झाल्या. मुलीचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं, ती आज माहेरपणाला आली आहे. त्यामुळे माझी चूक लहान होत नाही, पण मनाला बरं वाटतं. नाना आणि मी आता रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत फिरायला जातो. मी काही सांगितलं आणि खात्री नसली तर ते एवढंच म्हणतात, "साहेब, नंबर द्या." म्हणजे काय समजलं ते माझ्या शब्दांत सांगायचं, हो किंवा नाही स्पष्ट सांगायचं. आमची ती खूण झाली आहे.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा भिंती ओल्या होत्या आणि माणसं अनोळखी होती. भिंती केव्हाच वाळल्या. माणसं ओळखीची व्हायला मात्र रोज थोडं थोडं बोलावं लागतं, आणि बोललेलं पोचलं का ते विचारावं लागतं. पुढच्या २५ वर्षांसाठी माझं मागणं एवढंच आहे. मी तेव्हा नसेन, पण इतिवृत्ताची वही असेल.

वीस मिनिटं झाली.  नाना, तुम्हाला शेवटच्या रांगेत पोचलं का? पोचलं असेल तर नंबर द्या, म्हणजे मी खाली बसतो.